लिनक्सवर व्हीपीएन पुन्हा पुन्हा अडतंय? प्रोफाइल डिलीट करण्याआधी हे बघा

सोमवारी सकाळी व्हीपीएनचं बटण सरकवलं, क्षणभर गोल फिरलं आणि बटण आपोआप मागे गेलं. शुक्रवारी रात्री हेच प्रोफाइल (जोडणीच्या सेटिंगांचा संच) सुरळीत चालत होतं. मी तेव्हा नेहमी जे करायचो तेच केलं: प्रोफाइल डिलीट, मेलमधली झिप पुन्हा उतरवली, ओव्हीपीएन फाइल (ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या सेटिंगची) इंपोर्ट केली, पासवर्ड टाकला, चालू. पाच मिनिटांचं काम. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या खेपेला वैतागून लॉग (सिस्टिमची नोंदवही) उघडला, तर त्यात सरळ लिहिलं होतं की सीए सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हर खरा आहे हे पडताळणारी फाइल दिलेल्या जागी नाही. झिप मी डाउनलोड्समध्ये उलगडायचो, इंपोर्ट करताना प्रोफाइलात त्याच जागेचा पत्ता नोंदला जायचा, आणि महिनाअखेरीला मी डाउनलोड्स झाडून साफ करायचो. तोवर सर्व्हर सांभाळणाऱ्यांना माझे दोन खरमरीत मेल जाऊन पोचले होते.

डिलीट करून पुन्हा इंपोर्ट करणं हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो, आणि तीच त्याची खोट आहे. काम होतं, पण बिघाड कुठे होता याचा मागमूस उरत नाही, म्हणून तो परत येतो. तेव्हा आधी प्रोफाइल वाचा, मग लॉग वाचा, आणि डिलीटला हात सगळ्यात शेवटी लावा. पुढे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

प्रोफाइल म्हणजे शेवटी एक फाइल

नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या आवृत्तीवर, मग वर डेस्कटॉप ग्नोम असो की केडीई, प्रत्येक जोडणीची एक टेक्स्ट फाइल असते. ईटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजर, त्यात सिस्टिम-कनेक्शन्स हा फोल्डर, आणि त्यात शेवटी डॉट एनएमकनेक्शन लावलेल्या फाइली. उबुंटू डेस्कटॉपवर २३.१० पासून पुढे हीच माहिती ईटीसीमधल्या नेटप्लॅन फोल्डरात यामल फाइलींमध्ये जाते, त्यामुळे जुन्या जागी काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर प्रोफाइल नेताना लोक ही फाइल कॉपी करतात आणि ती यादीत दिसतच नाही. फाइल रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या) मालकीची आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल) अशी नसेल, तर नेटवर्कमॅनेजर तिला वाचत नाही. लॉगमध्ये एक इशारा टाकतो आणि गप्प बसतो. मालकी आणि परवानगी दुरुस्त केल्यावर 'एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड' चालवायचं, मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही.

आता 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' चालवून बघा. पुन्हा पुन्हा इंपोर्ट केलेल्या मशीनवर इथे हमखास एकाच नावाची दोन-तीन प्रोफाइल्स निघतात: ऑफिस, ऑफिस, ऑफिस. नावं सारखी असली तरी नेटवर्कमॅनेजरला चालतं, कारण तो ओळखतो युयूआयडीवरून, म्हणजे प्रत्येक प्रोफाइलाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून. माणूस मात्र एका प्रोफाइलात बदल करतो आणि चालू करतो दुसरंच. "सेटिंग बदललं तरी काही फरक पडत नाही" या तक्रारीचं मूळ कित्येकदा इथेच सापडतं. युयूआयडी देऊन बदल करा, युयूआयडी देऊनच चालू करा, आणि कोणतं खरं ते कळलं की बाकीची उडवा.

त्याच कमांडला प्रोफाइलचं नाव जोडलं की आतलं सगळं बाहेर येतं. ओपनव्हीपीएनच्या प्रोफाइलात 'व्हीपीएन डॉट डेटा' ही ओळ शोधा. सीए, सर्ट (तुमचं सर्टिफिकेट) आणि की (तुमची खासगी किल्ली) यांच्यापुढे फाइलींचे पूर्ण पत्ते असतात. ते डाउनलोड्स, टेम्प किंवा पेनड्राइव्हकडे बोट दाखवत असतील तर माझीच गत तुमची होणार. सर्टिफिकेटं ओव्हीपीएन फाइलीच्या आतच भरलेली असली, तर इंपोर्ट करताना ती वेगळी काढून होम फोल्डरातल्या डॉट सर्ट या लपलेल्या फोल्डरात ठेवली जातात. स्वतःहून ठेवायची झाली तरी तीच जागा घ्या, कारण फेडोरासारख्या एसईलिनक्स (कोणत्या प्रोग्रामने कोणती फाइल वाचायची ते ठरवणारी सुरक्षा) चालू असलेल्या सिस्टिमवर त्या फोल्डराला खास लेबल असतं. इथे एक बारीक खोच आहे. एमव्ही कमांडने फाइल हलवली तर ती जुन्या फोल्डराचं लेबल सोबत घेऊन येते. मग परवानग्या बरोबर दिसत असूनही 'परमिशन डिनाइड' येत राहतं. त्या फोल्डरावर 'रिस्टोरकॉन -आर' फिरवलं की लेबल ताळ्यावर येतं. एसईलिनक्सच बंद करून टाका असा सल्ला कुणी दिला तर दुर्लक्ष करा.

लॉग उघडा ठेवून बटण दाबा

एका खिडकीत 'जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर -एफ' चालू ठेवा आणि दुसरीकडून व्हीपीएन जोडा. पडद्यावरची सूचना फक्त "जमलं नाही" एवढंच सांगते, का जमलं नाही ते इथे दिसतं.

ओआरजी डॉट फ्रीडेस्कटॉप वगैरे लांबलचक नाव आणि त्याची सर्व्हिस मिळत नाही असं काही आलं, तर त्या प्रकारच्या व्हीपीएनचं प्लगइनच बसवलेलं नाही. डेबियन आणि उबुंटूवर ओपनव्हीपीएनसाठी दोन पॅकेजं लागतात: नेटवर्क-मॅनेजर-ओपनव्हीपीएन, आणि सेटिंगची खिडकी हवी असेल तर त्याच नावापुढे ग्नोम जोडलेलं दुसरं. हा प्रश्न तिथेच मिटतो.

पासवर्ड कोणाकडे आहे?

वारंवार येणाऱ्या तक्रारींचा सगळ्यात मोठा गठ्ठा इथला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पासवर्डच्या खान्याच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह असतं. त्यावर टिचकी मारली की पर्याय दिसतात: फक्त या वापरकर्त्यासाठी जपा, सगळ्या वापरकर्त्यांसाठी जपा, दर वेळी विचारा. प्रोफाइलात हे 'पासवर्ड-फ्लॅग्ज' म्हणून आकड्यात नोंदलं जातं. ० म्हणजे पासवर्ड प्रोफाइलाच्या फाइलीतच, १ म्हणजे तो तुमच्या कीरिंगकडे (डेस्कटॉपच्या पासवर्डांच्या तिजोरीकडे), २ म्हणजे जपायचाच नाही. बहुतेकांच्या मशीनवर १ असतो आणि डेस्कटॉपवर बसून काम करताना त्यात काही बिघडत नाही. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलने, त्याच मशीनवर शिरून व्हीपीएन चालू करायला गेलं की मात्र 'नो एजंट्स वेअर अव्हेलेबल' असा संदेश येतो. कीरिंग उघडून पासवर्ड काढून देणारा एजंट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये असतो, एसएसएचच्या सेशनमध्ये कुणीच नसतं. अशा वेळी 'एनएमसीएलआय --आस्क कनेक्शन अप' वापरा, तो टर्मिनलवरच पासवर्ड मागतो. मशीन चालू होताच, कुणी लॉगिन करण्याआधी व्हीपीएन जोडलं जायला हवं असेल, तर फ्लॅग ० करण्यावाचून गत्यंतर नाही. मग पासवर्ड फाइलीत उघड्या अक्षरांत राहतो, हे मान्य असेल तरच करा.

आपोआप लॉगिन होणाऱ्या मशीनवर याचीच दुसरी तऱ्हा दिसते. लॉगिनच्या वेळी पासवर्ड टाकलाच नाही, तर कीरिंगही कुलूपबंद राहते. मग व्हीपीएन जोडताना भलतीच खिडकी उघडते, ती कीरिंगचा पासवर्ड मागत असते, आणि आपण त्यात व्हीपीएनचा पासवर्ड टाकत बसतो. खिडकीवरचं शीर्षक वाचा एवढंच सांगतो.

ओटीपीवाल्या सर्व्हरांचं दुखणं वेगळं. काही ठिकाणी पासवर्ड आणि ओटीपी एकाच खान्यात जोडून टाकायचे असतात. फ्लॅग ० किंवा १ असेल तर कालचा ओटीपी पासवर्डसकट जपला जातो आणि आज 'ऑथ फेल्ड' येतं. माणूस समजतो खातं बंद पडलं. फ्लॅग २ करा.

आणि व्हीपीएन बरोबर एका तासाने तुटत असेल, रोज, घड्याळ लावून, तर नेटला दोष देऊ नका. ओपनव्हीपीएन दर ३६०० सेकंदांनी किल्ल्या बदलतं आणि त्या वेळी नाव-पासवर्ड पुन्हा तपासतं. क्लायंट जवळ ठेवलेला तासाभरापूर्वीचा ओटीपी पुढे करतो, सर्व्हर तो नाकारतो, जोडणी पडते. प्रोफाइलाच्या प्रगत सेटिंगमध्ये हा कालावधी ० करता येतो, पण दोन्ही टोकांपैकी ज्याचा काटा आधी भरतो तो बदल सुरू करतो, त्यामुळे एकट्या क्लायंटकडून भागत नाही. खरा इलाज सर्व्हरकडे आहे: ऑथ-जेन-टोकन चालू केलं की पहिल्या खेपेनंतर ओटीपीऐवजी टोकन चालतं. सर्व्हरवाल्यांना हाच शब्द सांगा.

साठ सेकंद आणि मग टीएलएस एरर

'टीएलएस की निगोशिएशन फेल्ड टू ऑकर विदिन ६० सेकंड्स' (६० सेकंदांत किल्ल्या ठरल्या नाहीत) हा संदेश वाचून लोक सर्टिफिकेट तपासत बसतात. बहुतेक वेळा तिथे सर्टिफिकेटपर्यंत गोष्ट गेलेलीच नसते. आपण पाठवलेल्या पॅकेटांना उत्तरच आलेलं नसतं. ओपनव्हीपीएनचा नेहमीचा पोर्ट (सर्व्हरचं दार) यूडीपी ११९४; यूडीपी आणि टीसीपी या पॅकेट पाठवायच्या दोन पद्धती, आणि पाहुण्यांसाठीच्या वायफायवर यूडीपी अडवलेलं असणं अगदी सर्रास. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा जोडून बघा. तिथे चालत असेल तर प्रोफाइल निर्दोष आहे, दोष वायफायचा. सर्व्हर टीसीपी ४४३ वरही ऐकत असेल तर त्यासाठी वेगळं प्रोफाइल करून ठेवा. याला अपवाद एकच: सर्व्हर टीएलएस-ऑथ किंवा टीएलएस-क्रिप्ट वापरत असेल आणि तुमच्याकडची ती जादा किल्ली चुकलेली असेल, तर सर्व्हर मुद्दाम गप्प राहतो आणि लक्षण हुबेहूब हेच दिसतं. टीएलएस-ऑथमध्ये किल्लीची दिशाही लागते, क्लायंटच्या बाजूला ती सहसा १.

डिस्ट्रो अपग्रेड केल्यावर दुसऱ्या दिवशी व्हीपीएन बंद पडलं असेल तर लॉगमध्ये सायफरचा (माहिती गुप्त करायच्या पद्धतीचा) उल्लेख शोधा. ओपनव्हीपीएन २.६ जुन्या 'सायफर' ओळीकडे बघतच नाही, 'डेटा-सायफर्स' ही यादी बघतं, आणि त्या यादीत जुनं बीएफ-सीबीसी नसतं. शिवाय ओपनएसएसएल ३ ने ते अडगळीत टाकलंय. सर्व्हर फार जुना असेल तर क्लायंटवर डेटा-सायफर्समध्ये त्याचा सायफर घालून वेळ मारून नेता येते, पण अपग्रेड करायची खरी पाळी सर्व्हरची आहे.

'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड' आलं तर मशीनचं घड्याळ बघा. त्यासाठी 'टाइमडेटसीटीएल' चालवा.

वायरगार्ड: जोडलं म्हणतं, पण जोडलेलं नसतं

वायरगार्ड, म्हणजे व्हीपीएनचा दुसरा प्रकार, कर्नेल (लिनक्सचा गाभा) ५.६ सोबत, म्हणजे २०२० साली, लिनक्सच्या पोटात आलं. त्याची फाइल जेमतेम दहा ओळींची, म्हणून लोक समजतात की यात चुकण्यासारखं काही नाही. पण वायरगार्ड ओपनव्हीपीएनसारखं ओरडत नाही. बटण दाबलं की इंटरफेस (नेटवर्कचं आभासी कार्ड) उभा राहतो आणि "जोडलं" दिसतं, समोर सर्व्हर असो वा नसो. अनोळखी पॅकेटाला सर्व्हर उत्तर देत नाही, नाकारल्याचंही कळवत नाही.

म्हणून 'सुडो डब्ल्यूजी शो' चालवायचं आणि दोनच ओळी बघायच्या. लेटेस्ट हँडशेकची (दोन टोकांच्या शेवटच्या परस्पर ओळखीची) ओळ असेल आणि ती दोन-तीन मिनिटांच्या आतली असेल, तर टनेल जिवंत आहे, पुढचा शोध राऊट (पॅकेटची वाट) आणि डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता काढण्यात) घ्या. ती ओळच नसेल तर ट्रान्सफर बघा. तिथे ० बी रिसीव्हड आणि १४८ बी सेंट, थोड्या वेळाने २९६, मग ४४४ असे आकडे दिसतील. हँडशेकचं पहिलं पॅकेट बरोबर १४८ बाइटांचं असतं. म्हणजे तुमचं मशीन दर पाच-एक सेकंदांनी दार वाजवतंय आणि आतून कुणी ओ देत नाही. कारणं मोजकीच: सर्व्हरचा पत्ता किंवा पोर्ट चुकला, मधल्या फायरवॉलने अडवलं, किंवा तुमची पब्लिक की (इतरांना द्यायची किल्ली) सर्व्हरवर नोंदलेली नाही. स्वतःच्या पब्लिक कीच्या जागी सर्व्हरची की चिकटवणं ही चूक मी स्वतः केली आहे, आणि अर्धी दुपार फायरवॉल तपासत बसलो होतो.

चौथं कारण दुर्मीळ, पण सापडेपर्यंत डोकं खाणारं आहे. हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो आणि सर्व्हर आधीपेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. ज्या छोट्या बोर्डांना बॅटरीवरचं घड्याळ नसतं, ते वीज गेल्यावर मागच्या तारखेला उठतात. मग इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत हँडशेक होत नाही, आणि वेळ आणायची वाटच व्हीपीएनमधून जात असेल तर गाडी तिथेच अडकते.

पिंग केल्यावर 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' आलं तर किल्ली शोधू नका. नाव फसवं आहे. तो पत्ता कोणत्याही पीअरच्या (पलीकडच्या टोकाच्या) अलाउड आयपीजच्या यादीत बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तीच यादी दोन कामं करते: जाताना कोणतं पॅकेट या पीअरकडे द्यायचं, आणि येताना त्याच्याकडून कोणतं पॅकेट घ्यायचं.

इंपोर्ट करतानाची एक गंमत. 'एनएमसीएलआय कनेक्शन इंपोर्ट टाइप वायरगार्ड' फाइलीच्या नावावरूनच इंटरफेसचं नाव ठरवतो, आणि लिनक्समध्ये ते १५ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. सर्व्हरवाल्यांनी पाठवलेली लांबलचक नावाची फाइल म्हणून नाकारली जाते. नाव बदलून डब्ल्यूजी-ऑफिस करा, लगेच घेईल. इंपोर्ट होताच जोडणी आपोआप चालूही होते. ते नको असेल तर ऑटोकनेक्ट बंद करा. डब्ल्यूजी-क्विक (वायरगार्ड चालू करणारी कमांड) वापरणाऱ्यांना 'रिझॉल्व्हकॉन्फ कमांड नॉट फाउंड' येतं ते फाइलीत डीएनएसची ओळ असल्यामुळे. ओपनरिझॉल्व्ह पॅकेज बसवलं की झालं.

काही मिनिटं शांत बसलं की बाहेरून येणारी जोडणी मरत असेल तर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ करा. राउटर आपली नोंद विसरण्याआधी पॅकेट जात राहतं.

जोडलं गेलं, पण काही उघडत नाही

आधी आकड्याने बघा, मग नावाने. सर्व्हरच्या आयपीवर पिंग जातं पण नावाने जात नाही, तर गोष्ट डीएनएसची. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवा. प्रत्येक इंटरफेससमोर त्याचा डीएनएस सर्व्हर आणि डोमेन दिसतात. व्हीपीएनच्या इंटरफेससमोर डोमेनच नसेल तर आतली नावं बाहेरच्या डीएनएसला विचारली जातात आणि त्याला ती ठाऊक नसतात. प्रोफाइलात आयपीव्ही४ डॉट डीएनएस-सर्च मध्ये आतलं डोमेन घाला. सगळेच प्रश्न व्हीपीएनच्या डीएनएसकडे जायला हवे असतील तर तिथे लहरी रेघ आणि टिंब एवढंच लिहा आणि डीएनएस-प्रायॉरिटी उणे ५० करा. उणे आकडा दिला की बाकीचे बाजूला होतात. आणि कधीतरी, कुठल्याशा जुन्या सल्ल्यावरून रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल हाताने लिहिली असेल, तर आधी ती पूर्ववत करा. ती मुळात सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) असते. तिच्या जागी साधी फाइल बसवली की व्हीपीएनने दिलेला डीएनएस कुणी विचारातच घेत नाही.

आकड्यानेही जात नसेल तर 'आयपी राऊट गेट' पुढे तो पत्ता लिहून चालवा. उत्तरात व्हीपीएनच्या ऐवजी वायफायचा इंटरफेस आला तर राऊटच नाही. दोन्ही टोकांना १९२.१६८.१.० चीच रेंज असेल तर मात्र सेटिंगने फार काही साधत नाही. मेट्रिक (राऊटच्या पसंतीचा आकडा) ज्याचा कमी तो जिंकतो, आणि तुम्हाला एक तर पलीकडचा सर्व्हर दिसतो किंवा अलीकडचा प्रिंटर. राउटरची रेंज बदलणं कंटाळवाणं आहे, पण कायमचं आहे.

छोटी पानं उघडतात, मोठी लटकतात. एसएसएच जोडलं जातं आणि लांब यादी मागितली की गोठतं. हा एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल मापाचा) ठसा. व्हीपीएन बंद करून सर्व्हरला 'पिंग -एम डू -एस १४७२' करा. वरचे २८ बाइट हेडरचे, एकूण १५००. हे गेलं नाही पण १४६४ गेलं, तर वाटेत १४९२ ची मर्यादा आहे, पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन चालणारं ब्रॉडबँड) असलेल्या जोडण्यांवर हेच सापडतं. वायरगार्डसाठी त्यातून ८० वजा करा: १४१२. नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइलात वायरगार्ड डॉट एमटीयू इतका ठेवा. ओपनव्हीपीएनमध्ये एमएसएसफिक्स (पॅकेटचं माप लहान ठेवणारं सेटिंग) १३६० पासून सुरुवात करून बघा. पिंगलाच उत्तर देत नाहीत असे सर्व्हर असतात, तिथे थेट १२८० ठेवून फरक पडतो का ते पाहायचं आणि मग वर सरकायचं.

सगळं करूनही अडलं आणि सर्व्हरवाल्यांना मेल लिहायची वेळ आली, तर "चालत नाही" लिहू नका. कोणत्या वेळी जोडायचा प्रयत्न केला ती वेळ सेकंदासकट, तेव्हाचा बाहेरचा आयपी, लॉगच्या त्या वेळच्या वीस-पंचवीस ओळी, वायरगार्ड असेल तर तुमची पब्लिक की आणि ट्रान्सफरचे आकडे. त्यांच्या लॉगमध्ये त्या सेकंदाला काही पोचलं होतं की नाही, एवढ्यावरून त्यांना अर्धी दिशा मिळते. प्रोफाइलाची पूर्ण फाइल मात्र जोडू नका. तिच्यात प्रायव्हेट की असते, फ्लॅग ० असेल तर पासवर्डही. चुकून गेलीच तर मेल परत घेऊन उपयोग नाही, नवी किल्ली बनवून घ्या.